टाकी काठोकाठ

गिरीजच्या राऊतांच्या घरात आजवर जी भांडणं झाली ती केळीवरून झाली, विहिरीच्या पाळीवरून झाली, आणि एकदा तर शेजारच्या वाडीत झुकलेल्या फणसाच्या एका फांदीवरून दोन उन्हाळे अबोला टिकला. पण गाडीच्या ॲव्हरेजवरून घर फुटायची वेळ येईल असं वसुंधरेला कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याला आधी डोक्यावर थंड पाणी ओतून घ्यायला सांगितलं असतं.

विषय तसा साधा होता. वाडीचा तीन चाकांचा डुक्कर टेम्पो, ज्याने वीस वर्षं राऊतांची केळी, वांगी आणि मोगऱ्याच्या पाट्या वाहिल्या, तो गणपतीच्या आधी बाजाराच्या वाटेवर जो बसला तो उठलाच नाही. त्याच्या जागी डिझेलवरची पिकअप घ्यायची, हे सगळ्यांना मान्य होतं. कुठली घ्यायची, यावर मात्र दोघा भावांची तोंडं दोन दिशांना. थोरल्या सदानंदाला, म्हणजे वसुंधरेच्या नवऱ्याला, पांढरी हवी होती. रुंद नाकाची, दणकट, पुढे तिघं ऐसपैस बसतील अशी. धाकट्या जितेंद्राला निळी हवी होती. बुटकी, चपळ, गल्लीबोळात वळणारी. दोघांनी आपापल्या ओळखीच्या शोरूमवाल्याला गाठलं आणि दोघांनीही रविवारपुरती गाडी ट्रायलला आणून अंगणात उभी केली. शनिवारी संध्याकाळी दोन नव्या गाड्या राऊतांच्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांचे मालक एकमेकांकडे पाठ करून चहा पीत होते.

मग दोघांचे वडील, काशीराम आबा, ओट्यावर आले. वय झालं होतं, पण आवाज अजून विहिरीच्या तळापर्यंत जाईल असा.

"ऐका. दोन गाड्या म्हंजे दोन चुली. माझ्या डोळ्यांदेखत या वाडीत बांध पडनार नाय. गाडी एकच येईल. जी कमी डिझेल पिईल ती येईल, आनि ज्याची येईल त्याच्या कमरेला किल्ली. हरलेल्यानं तोंड वाकडं करायचं नाय."

"आणि केलं तर?" जितेंद्राने विचारलं.

"तर घाला बांध. आनि मला त्या बांधावर खुर्ची टाकून द्या."

सगळे हसले. वसुंधरा हसली नाही. कारण जितू गुरुवारी विहिरीवर तिला एकटीला गाठून सांगून गेला होता, "वहिनी, दादाची गाडी आली आणि किल्ली त्याच्याकडे गेली, तर मी माझा हिस्सा मागणार. तुला आधी सांगतोय. तुला दुसऱ्याकडून कळायला नको."

वसुंधरा लग्न होऊन या घरात आली तेव्हा जितू चौथीत होता. पुढच्याच वर्षी सासूबाई गेल्या. त्यानंतर त्याचे डबे तिने भरले, उवा तिने काढल्या, नापास झाला तेव्हा आबांच्या काठीपुढे तीच उभी राहिली. धनेश तिच्या पोटचा, आता मुंबईला हॉस्टेलवर होता. पण तुझा पहिला मुलगा कोण असं कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तर तिच्या तोंडून जितूचंच नाव निघालं असतं. तो लग्नानंतर विरारला, मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला तेव्हाही तिने स्वतःची समजूत काढली होती. नोकरीचं ठिकाण, स्टेशन जवळ, ठीक आहे. आता कंपनीला टाळं लागलं होतं आणि त्याला वाडीत परत यायचं होतं. भाजी दलालाकडे न टाकता विरारच्या बिल्डिंगींच्या दारात नेऊन विकायची, असं त्याच्या डोक्यात होतं. सदानंद त्यावर म्हणाला होता, "फ्लॅटवाल्यांना दोन-दोन केळी सोलून देणार का?" तिथून हे सगळं पेटलं होतं.

सदानंद हरला असता तर महिनाभर घुम्यासारखा जेवला असता. जितू हरला असता तर जेवायलाच आला नसता. वसुंधरेला कुणीच जिंकायला नको होतं, आणि शर्यत तर सकाळी होती.

रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून शेजारचा युजीन आला. त्याची वाडी राऊतांच्या वाडीला लागून. फणसाच्या फांदीचं भांडण याच्याच बापाशी झालं होतं, म्हणून आबांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. ज्याच्याशी भांडण होऊन गेलं आहे तो माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं. युजीनला पंच नेमलं गेलं आणि तो मिस्सेचा पांढरा शर्ट न बदलताच पंच झाला.

दोन्ही गाड्यांत तराजूवर तोलून सारखा माल भरला. केळीचे घड, वांग्यांच्या पाट्या, दुधी. मग सगळी वरात वसईच्या पंपावर. तिथे युजीनने टाक्या काठोकाठ भरून घेतल्या. नुसत्या भरल्या नाहीत. टाकीत हवा राहते म्हणून त्याने दोघा भावांना गाडीच्या दोन बाजूंना उभं करून गाडी गदागदा हलवायला लावली, पुन्हा घोटभर डिझेल घातलं, पुन्हा हलवली. पंपावरचा पोरगा म्हणाला, "अंकल, गाडी में भूत है क्या?"

"आता निर्मळ, आगाशी, विरारचं रेल्वे फाटक, मनवेलपाडा, शिरसाड, हायवेनं वसई फाटा आणि परत इथं," युजीनने जाहीर केलं. "रोजचा धंद्याचा रस्ता. परत आल्यावर जेवढं डिझेल मावेल तेवढं गाडीनं प्यालं. मी हा इथं बसतो. नोझलला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही."

निळी बाणासारखी निघाली. पांढरीत सदानंदाशेजारी वसुंधरा बसली, मांडीवर वेगळी टोपली घेऊन. आगाशीवरून जायचं आणि कमळी आत्याला वानवळा द्यायचा नाही, हे राऊतांच्या घरात कधी झालं नव्हतं. वाडीत पहिलं जे पिकेल त्यातलं थोडं आत्याच्या दारात पोचायचंच, आणि आत्याही ती टोपली कधी रिकामी परत पाठवायची नाही.

आत्या फाटकातच उभी होती. आबांची धाकटी बहीण, पण बोलण्यात आबांची आई.

"जितू आत्ता गेला इकडून," तिने वसुंधरेच्या हातातली टोपली घेत सांगितलं. "भोंपू वाजवला नि गेला. मी हात वर केला तो वरच राहिला."

"घाईत असेल आत्या."

"घाई कसली? राग हाय त्याचा. मी काय बोलले होते? फ्लॅट म्हंजे कबुतराचं खुराडं, एवढंच ना? मग हाय ते खुराडं! बस तू. चहा घे. सदा, तू पन बस रे. तुला पोहे टाकते."

"आत्या, शर्यत आहे," सदानंद म्हणाला आणि बसला.

पोहे झाले, चहा झाला, आत्याच्या गुडघ्याचं झालं, आगाशीच्या बाजारातल्या नव्या दुकानाचं झालं. बाहेर गाडी दारात धडधडत होती. उठता उठता आत्याने टोपलीत नारळ घातले, अळूची पानं घातली, वर एक पपई ठेवली, आणि पपई गडगडेल म्हणून ती बसवायला पुन्हा सगळं काढून पुन्हा भरलं. वसुंधरेला हे सगळं इतकं ओळखीचं होतं की ती त्यातलं काही नव्याने बघतच नव्हती.

पंपावर परत पोचले तेव्हा निळी कधीच येऊन उभी होती आणि जितू बॉनेटवर बसून वडापाव खात होता. युजीनने दोन्ही टाक्या पुन्हा काठोकाठ भरल्या, हलवल्या, पुन्हा भरल्या, आणि बोटांवर हिशेब केला.

"निळी लिटरला बारा. पांढरी..." त्याने घसा साफ केला. "पांढरी जेमतेम दहा."

जितू बॉनेटवरून उडी मारून उतरला. "काय दादा! दणकट आहे, दणकट! पिण्यातही दणकट आहे."

सदानंदाचा चेहरा वांग्याच्या रंगाला आला. "माझ्या गाडीत बाईमाणूस जास्त होतं, वर आत्याचे नारळ. आणि हा शिंचा रिकाम्या पोटी पळाला. पुन्हा करा. गाड्या बदलून करा. माझी गाडी हा चालवू दे, मग कळेल कोण पितं ते!"

युजीनने पंचाला शोभेलसा विचार केला. "बरोबर आहे. जेवून घ्या. दुपारी गाड्या बदलून दुसरी फेरी."

जेवायला कोलंबी घातलेली वांगी होती. एरवी या कालवणाला दोघे भाऊ एकाच पातेल्यात चमचा घालून भांडायचे. त्या दिवशी जितूने ताट उचललं आणि ओट्यावर जाऊन बसला. सदानंद आत भिंतीकडे तोंड करून जेवला. वसुंधरा भाकरी वाढायला एकदा आत, एकदा बाहेर अशी फिरत राहिली आणि तिला वाटलं, बांध पडलाच की हा. नुसती माती टाकायची बाकी आहे.

जितूची बायको स्वप्ना तिच्या मागे स्वयंपाकघरात आली. "वहिनी, एक सांगू? यांना सांगू नका. मला पांढरीच आवडलीय. पुढं तिघं बसतात. निळीत माझे गुडघे दाराला लागतात."

"आणि मला निळी बरी वाटते," वसुंधरा म्हणाली. "चढायला ठेंगणी आहे."

दोघी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसल्या. बाहेरून आबा ओरडले, "कोन हसतं? शर्यत अजून संपली नाय!"

दुसऱ्या फेरीला नवा प्रश्न निघाला. सदानंदाने वसुंधरेला बाजूला घेतलं. "तू त्याच्या गाडीत बस. वाटेत डिझेल भरतो की काय बघ." जितूने स्वप्नाला तेच सांगितलं. अशा रीतीने दोन्ही जावा नवऱ्यांच्या हेर म्हणून एकमेकींच्या नवऱ्यांच्या शेजारी बसल्या, आणि निघताना युजीनने सगळ्यांवरून हवेत क्रूस काढला.

पांढरी आता जितूच्या हातात होती. आगाशी जवळ आली तशी वसुंधरेने पदर सावरला. आत्या पुन्हा फाटकात उभी होती. ऊन तोंडावर येत होतं म्हणून तिने कपाळावर हात धरला होता.

"जितू, थांब जरा. दोन मिनिटं."

"वहिनी, ॲव्हरेज जाईल."

"अरे, म्हातारी उन्हात उभी आहे."

जितूने भोंपू वाजवला आणि गाडी पुढे काढली. आरशात आत्या लहान होत गेली. वसुंधरेला त्याचा इतका राग आला की विरार येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

विरारचं फाटक बंद होतं. दोन्ही बाजूंना रिक्षा, टेम्पो, बसेस, सायकली. जितूने रांगेत गाडी उभी केली आणि किल्ली फिरवून बंद केली.

एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत वसुंधरेचा हात आपोआप दाराकडे गेला. ती खाली उतरली, पदर कमरेला खोचला, गाडीच्या मागे गेली, मागच्या फाळक्यावर दोन्ही तळवे टेकले, पाय रोवले आणि ओरडली, "हं! सोड क्लच!"

शेजारच्या टोपलीवाल्या बाईने शिंगाडे मोजता मोजता मान वर केली. "बाई, कोरी गाडी ढकलता?"

पुढून जितूचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. "वहिनी? काय करतेस तू?"

"बंद पडली ना!"

"पडली नाही. मी बंद केली. फाटक आहे." त्याने किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. त्याने पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली, तिला दाखवायला. "सेल्फ आहे वहिनी हिला. बटण दाबल्यासारखी चालते. आपला डुक्कर नाही हा."

रांगेतले रिक्षावाले हसायला लागले. वसुंधरा फाळक्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. आत्याच्या दारात धडधडणारी गाडी. पोहे होईपर्यंत धडधडणारी. नारळ भरेपर्यंत, पपई बसवेपर्यंत धडधडणारी. सकाळी याच फाटकावर सदानंद पायाने रेस देत बसला होता, झुरळ मारत असल्यासारखा सारखा सारखा.

ती परत येऊन बसली. "जितू, तू सकाळीही इथं गाडी बंद केली होतीस?"

"मग? फाटकावर गाडी चालू कोण ठेवतं?"

वसुंधरेने पदराने तळव्यांवरची धूळ पुसली. तिला हसू येत होतं, पण हसवेना. कारण सदानंद गाडी चालू का ठेवतो, ते या जगात तिला एकटीला माहीत होतं.

गाडी हायवेला लागली. जितू एकदम म्हणाला, "वहिनी, मला हिस्सा नकोय गं. मी रागात बोललो. मला वाडीत यायचंय. कंपनी बंद पडल्यापासून सकाळी उठून कुठं जायचं तेच कळत नाही. पण दादाच्या हाताखाली पाट्या उचलायला नाही. मला काहीतरी माझं चालवायचंय."

"मग हे दादाला सांग."

"तो ऐकतो कुठं? तो बोलायला लागला की थांबतच नाही."

"तुला कसं कळणार," वसुंधरा म्हणाली, "तू तर थांबतच नाहीस कुठं."

जितू पुढचा सगळा रस्ता तिची नजर चुकवून आरशात बघत राहिला.

पंपावर दुसऱ्या फेरीची मोजदाद झाली आणि युजीनने बोटांवरचा हिशेब पुन्हा एकदा केला. मग त्याने डोक्याला हात लावला. "पांढरी बारा. निळी दहाच्या आत."

"म्हंजे?" आबा खुर्चीतून अर्धे उठले. "सकाळी निळी बारा होती ना?"

"होती."

"आनि आता?"

"आता पांढरी बारा."

"मग पंपवाल्याचा काटा फिरलाय!"

"काशीरामभाऊ, नोझल माझ्या हातात होतं," युजीन दुखावून म्हणाला. "मी प्रभूच्या दिवशी डिझेल चोरतो म्हणता?"

"दादांनी काहीच चुकीचं केलं नाही," स्वप्ना मध्येच म्हणाली. तिच्या मांडीवर आत्याने दिलेली पडवळाची जुडी होती आणि ती आता पूर्ण आत्याच्या बाजूची झाली होती. "आम्ही आत्यांकडे नुसता चहा घेतला. आणि थोडं खाल्लं. आणि त्यांची पेटीतली जुनी लुगडी बघितली. नऊवारी, काय सुंदर होती!"

जितूच्या ओठांवर हसू यायला लागलं. त्याला कळलं होतं. वसुंधरेने ते हसू ओळखलं. आता तो तोंड उघडणार, सगळ्यांसमोर दादाची फजिती करणार, आणि मग सदानंद गिरीजपर्यंत एक शब्द बोलणार नाही. पुढे महिनाभर बोलणार नाही, आणि बोलेल तेव्हा वाटणीचंच बोलेल. तिने पुढे होऊन जितूच्या तोंडासमोर हात आडवा धरला.

"मी सांगते. दोष पांढरीचा नाही नि निळीचाही नाही. आबा, आपला डुक्कर आठवतो? त्याचा सेल्फ पहिल्याच वर्षी गेला. रोज सकाळी घरातली सगळी माणसं मिळून त्याला ढकलायची, मीसुद्धा. एकदा विरारच्या फाटकावर तो बंद पडला. मला धनेशच्या वेळचा सातवा महिना होता. ह्यांनी नको नको म्हटलं तरी मी उतरले, ढकलला, आणि तो सुरू झाला तशी मी रस्त्यावर तोंडावर आपटले. काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या दिवसापासून, पंपावर करावीच लागते ते सोडलं तर, हे बाहेर असताना गाडी बंद करत नाहीत. बाजार असो, फाटक असो, आत्याचं दार असो. किल्लीला हात लावत नाहीत. मी सोबत नसेन तरी नाही. आज नव्या गाडीतही लावला नाही. ह्यांना माहीतसुद्धा नसेल."

सदानंद जमिनीकडे बघत होता. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला, जणू किल्ली तिथे आहे की नाही हे चाचपायला. "अगं, सवय पडली," तो हळू म्हणाला. "एवढं काय त्यात."

जितू तोंड उघडायचं ते विसरून गेला होता. "मला हे कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. मग एकदम, "दादा, मला वाटायचं तू डिझेलचा माज करतोस."

"वीस वर्षं माज केला मग," सदानंद म्हणाला आणि कसनुसा हसला.

तेवढ्यात आगाशीची एसटी पंपासमोर थांबली आणि तिच्यातून कमळी आत्या उतरली. डोक्यावर टोपली, हातात छत्री, आणि चेहऱ्यावर सकाळपासून साठवलेलं सगळं. ती सरळ जितूपुढे जाऊन उभी राहिली.

"सकाळी एकदा, दुपारी एकदा. दोनदा माझ्या दारावरनं गेलास. डिझेल वाचवलंस म्हने. दाखव किती वाचलं ते. एका घोटात पिऊन टाकते आनि परत जाते!"

"आत्या, शर्यत होती..."

"कसली शर्यत? आत्याचं दार टाळलं तर कुठलीबी गाडी बारा देईल! बैलगाडीसुद्धा देईल!"

आबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. युजीनने मान डोलावली आणि पंच म्हणून जाहीर केलं की हा मुद्दा नियमात बसतो. जितूने खाली वाकून आत्याच्या पायाला हात लावला. आत्याने त्याचा कान धरला. इतका वेळ धरला की स्वप्नाला मध्ये पडावं लागलं.

"मग गाडी कुठली?" आबांनी डोळे पुसत विचारलं. "माझा शब्द गेला पानी भरायला."

सदानंदाने पांढरीच्या रुंद नाकाकडे बघितलं, मग निळीकडे, मग भावाकडे. वसुंधरा काहीतरी सुचवणार, इतक्यात सदानंद म्हणाला, "आत्याला घरी सोडायला हवं. पांढरीत पुढं तिघं बसतात. जितू, तू चालव. तुझा पाय हलका आहे."

तो एवढंच बोलला आणि बाजूला सरकला. सदानंदाच्या तोंडून एवढं एक वाक्य ऐकायला वसुंधरेने गुरुवारपासून तीन देवांना नारळ बोलले होते.

युजीन आबांना नि स्वप्नाला निळीतून गिरीजला घेऊन गेला. आत्या मध्ये बसली, एका बाजूला एक भाचा, दुसऱ्या बाजूला दुसरा. वसुंधरा मागे हौद्यात केळीच्या घडांमध्ये बसली. वाटेत केबिनच्या मागच्या काचेतून तिला तिघांची डोकी दिसत होती आणि आत्याचा हात सारखा इकडून तिकडे जात होता. म्हणजे दोघांनाही आळीपाळीने बोलणी बसत होती.

आगाशीला दिवेलागणीची वेळ झाली होती. जितूने आत्याच्या फाटकासमोर गाडी उभी केली आणि किल्लीवर हात ठेवून थांबला. गाडी धडधडत होती. त्याने सदानंदाकडे बघितलं. बंद केली नाही, नुसतं बघितलं.

सदानंदाने आत्याच्या पुढून हात लांबवला आणि स्वतः किल्ली फिरवली.

गाडी गप्प झाली. देवळातली घंटा ऐकू आली, कुठल्यातरी वाडीतला पंप ऐकू आला. आत्या म्हणाली, "जितू, पहिला पाय तुझा." जितू उतरला आणि तिच्या घरात शिरला. आत्याने त्याला दोनदा चहा दिला, सकाळचा आणि दुपारचा.

निघताना टोपली पुन्हा भरली गेली, हे सांगायलाच नको. जितू जाऊन स्टिअरिंगवर बसला. वसुंधरा हौद्यात चढायला मागे आली, तर सदानंद तिच्या आधी तिथे उभा. पुढे बसायचं सोडून त्याने बाह्या सरसावल्या होत्या आणि फाळक्यावर दोन्ही तळवे टेकून पाय रोवले होते.

"अहो, काय करता?"

"असू दे. आत्याच्या दारात पहिल्यांदाच बंद केलीय. न जाणो." मग त्याने तिच्याकडे बघून बजावलं, "तू बाजूला हो. तू ढकलायचं नाहीस."

वसुंधरा बाजूला झाली नाही. तिने त्याच्या शेजारी आपले तळवे टेकले. "जितू, कर चालू!" सदानंद ओरडला.

किल्ली फिरली. गाडी एका दमात सुरू झाली आणि दोघांच्या हातांखालून अलगद पुढे सरकली. सदानंद हात हवेत ठेवून उभाच राहिला.

"झाली गं सुरू," तो म्हणाला. एखाद्या आजारी माणसाने डोळे उघडावेत तसा आनंद त्याच्या आवाजात होता. वसुंधरेला एकाच वेळी हसू आणि रडू आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

पुढून जितूने डोकं बाहेर काढलं. "बसा आता! का गिरीजपर्यंत ढकलतच येणार?"

सदानंद पुढे गेला, दार उघडून त्याच्या शेजारी बसला. "उद्या पहाटेचा माल आहे," मागे हौद्यात बसणाऱ्या वसुंधरेला त्याचं बोलणं खिडकीतून ऐकू आलं. "तू आज घरीच झोप. निघायच्या वेळी मला हाक मार. वीस वर्षं मीच सगळ्यांना उठवतोय. एकदा मला कुणीतरी उठवू दे."

"आणि स्वप्ना?"

"तिलाही ठेवून घे. पडवळ तिनंच आणलंय, तीच चिरेल."

गाडी निर्मळच्या वळणाला लागली. वसुंधरा केळीच्या घडाला टेकून बसली आणि रात्रीसाठी पीठ किती भिजवायचं ते ठरवू लागली. एरवीपेक्षा दोन मुठी जास्त लागणार होतं.